मुठीच्या पार

आम्ही काळेवाडीतल्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी निम्मं सामान अजून जिन्यात होतं. समोरच्या घरातले एक गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी खिशातून एक पितळी किल्ली काढली, आमच्या नव्या दारावर तीन ठिकाणी टकटक केली, कान लावून ऐकलं.

"पोकळ हाय, ताई. वर प्लाय, आत हवा. दिसतंय तर बरं, पर खरं वाटंना."

एवढं बोलून त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. अंबादास तांदळे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. मी त्यांना 'तांदळे भाऊ' म्हणत असे. गेल्या महिन्यात ते गेले. अठरा वर्षांची ओळख, आणि त्यातले शेवटचे चौदा महिने आम्ही बोलत नव्हतो. बोलत नव्हतो म्हणजे मी बोलत नव्हते.

ते मूळचे बीडकडचे. तरुणपणी इकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत माल तपासण्याच्या खात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. ती किल्ली कसली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुठल्याच कुलपाला ती लागत नव्हती. तिचं काम एकच, वाजवून बघणं. कलिंगड, माठ, फरशी, हेल्मेट, भिंतीचा गिलावा. एकदा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मला भेटायला आले. मी ग्रंथपाल होते. नवी लोखंडी कपाटं आली होती आणि प्राचार्य ती पाहुण्यांना दाखवत होते. भाऊंनी एका फळीवर टकटक केली आणि प्राचार्यांना म्हणाले, "सर, शब्दकोश खालच्या फळीवर ठेवा. वरची कवितेपुरतीच हाय." सहा महिन्यांत वरची फळी वाकली. कविता ठेवल्या होत्या तरी वाकली.

त्यांचा संशय वस्तूंवर असे, माणसांवर नसे. निदान ते तसं म्हणत. "माणूस वाईट नसतंय. घाईत असतंय. आन् घाईतलं माणूस न बघताच सही करतंय." सही ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं राहिलं म्हणून सेक्रेटरींनी एकदा घरोघर जाऊन मागच्या महिन्याची तारीख घालून सह्या घेतल्या. सगळ्यांनी केल्या. मीही केली. भाऊंनी कागद परत दिला. "सही करतो की. पर तारीख आजची टाकीन. मागची तारीख टाकणारं माणूस उद्याचीबी टाकंल." सेक्रेटरी पुढे वर्षभर त्यांना 'आजची तारीख' म्हणूनच हाक मारायचे. भाऊ ओ द्यायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. कंपनीत एका खेपेला जो माल एकत्र बनतो त्याला लॉट म्हणतात. एका लॉटमधला एक नग काढायचा आणि तो मोडेपर्यंत त्याच्यावर जोर लावायचा. याला ते 'मारणं' म्हणत. मारलेल्या नगावरून बाकीच्यांचं ठरायचं. नापास झाला तर लाल चिठ्ठी, पास झाला तर हिरवी. "एक मेल्याबिगर बाकीच्यांचं खरं कळत न्हाई," हे त्यांचं वाक्य आमच्या इमारतीतल्या लहान मुलांनाही पाठ होतं. कुसुमवहिनी, त्यांच्या पत्नी, लाडू वळून झाले की पहिला त्यांच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, मारा."

हा नियम एवढा घट्ट का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी किल्ली बोटाभोवती फिरवली. "एकदा न मारता सही केली होती," एवढंच म्हणाले. पुढे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

माझी मुलगी मुक्ता त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. माझे यजमान गेले तेव्हा ती दहावीत होती. तिच्या सायकलचे ब्रेक भाऊ दर रविवारी तपासायचे. नंतर ती हिंजवडीत नोकरीला लागली, मारुंजीत खोली घेऊन राहू लागली, आणि शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर डोंगरांत जाऊ लागली. कधी एकटीही. तंबू लावायचा, चूल पेटवायची, मुक्काम करायचा. मी नको म्हटलं नाही. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या बाईने कुणाला घराबाहेर जाऊ नको म्हणणं शोभत नाही. पण ती फोन लागत नाही तिथे गेली की मी एकच पान चार-चार वेळा वाचत असे.

पहिल्या पगारातून तिने एक सुरी घेतली. घरी आली आणि मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली. काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दात. मूठ म्हणजे पोकळ नळी. तिच्या टोकाला फिरकीचं टोपण आणि टोपणात इवलंसं होकायंत्र. नळीत काड्या, मासे धरायचा गळ, सुई-दोरा, एक चिकटपट्टी. मुठीवर तिने टोकदार खिळ्याने 'मु' कोरलं होतं.

तांदळे भाऊ चहाला आले होतेच. त्यांनी किल्ली काढली.

"काका, वाजवू नका हं. ही पोकळच असते. मुद्दाम पोकळ करतात."

"मुद्दाम?" भाऊंनी चष्मा लावला. "कामून?"

"सामान ठेवायला. डोंगरात पाठपिशवी हरवली तरी जगायला लागणारं सगळं यात मावतं. बघा, काड्या, गळ, सुई, दोरा..."

"सगळं मावतंय," भाऊ म्हणाले. "पर सुरीच मावंना की."

"म्हणजे?"

"पात्याचा देठ कुठंय? मुठीच्या आत गेला पायजे तो. नळीत तर तू दुकान मांडलंस. मग देठ गेलाय कुठवर? अर्धा इंच? पाऊण?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमच्या घरी खुरपं असंल का एखादं?"

कुंडीतली माती उकरायचं एक जुनं खुरपं होतं. ते त्यांनी मागवलं आणि मुक्ताच्या हातात दिलं. "बघ लेकरा. देठ लाकडाच्या पार गेलाय आन् मागनं वाकवून ठोकलाय. खुरपणाऱ्या बाईचा सगळा जोर या देठावर येतोय. लोहार काई शिकलेला नव्हता. पर त्याला ठावं होतं की जोर कुठं येतोय."

"मी काय डोंगर खुरपायला चाललेय?"

"लाकूड फोडशील ना? पात्यावर दगड हाणशील ना? दगडाच्या फटीत घालून उचकटशील ना?"

या तिन्ही गोष्टी मुक्ता करत असे.

भाऊंचं संपलं नव्हतं. पाठीवरचे दात लाकूड कापत नाहीत, नुसते खरवडतात, आणि पात्याची पाठ मात्र दुबळी करतात. थंडीत धातूची नळी हाताला चटका देते, पावसात निसटते. टोपणातून पाणी शिरलं तर काड्या भिजल्या. आणि सुरी पडली दरीत, तर काड्याही गेल्या, सुईही गेली. "सगळी अंडी एका कोंबडीखाली! काड्या खिशात ठेव. खिसा काय वाईट हाय?" मग त्यांनी होकायंत्राचं टोपण सुरीपासून दूर धरलं, हळूहळू पात्याजवळ आणलं. सुई सरकली. "हिला उत्तरेपेक्षा सुरीच जवळची वाटती."

मुक्ता हसत सुटली. "काका, तुम्ही लग्नातसुद्धा नवऱ्याला वाजवून बघत असाल."

"बघतो की. तुझ्या वेळंला दोन्ही बाजूंनी बघणार हाय."

पुढच्याच आठवड्यात भाऊंनी अगदी तशीच दुसरी सुरी स्वतः विकत घेतली. मारण्यासाठी. आम्हा दोघींना मुद्दाम तळवड्याला नेलं. तिथे त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि निवृत्तीनंतर भाऊ बहुतेक दुपारी तिथेच असत. त्यांनी सुरीचं पातं शिकंज्यात आवळलं, मुठीवर एक लांब पाइप चढवला आणि दोन्ही हातांनी एकीकडे जोर दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडकन आवाज झाला आणि मूठ पाइपसकट त्यांच्या हातात आली. पात्याच्या मागे अंगठ्याच्या नखाएवढा देठ उरला होता, भोवती वाळलेल्या गोंदाचा पिवळा कडा. भाऊंनी तो आम्हाला दाखवला. चेहऱ्यावर आनंद नव्हता. दाताचा डॉक्टर कुणाचा तरी किडका दात दाखवतो तसा दाखवला.

मुक्ता मात्र हार मानणारी नव्हती. "ही तुमची सुरी, काका. माझी वेगळ्या दुकानातली. ही तुटली म्हणून माझी तुटेल कशावरून? एकाच लॉटच्या आहेत का?"

भाऊंनी तुटलेली सुरी उलटीसुलटी केली. मग मुक्ताची मागितली आणि तीही नीट पाहिली. कुठेच लॉट नंबर नव्हता. ते स्टुलावर बसले.

"बराबर हाय तुझं," शेवटी म्हणाले. "एकाच लॉटच्या असतील तरच एकीवरनं दुसरीचं सांगता येतंय. तुझ्या सुरीचं मला काईच सांगता यायचं न्हाई."

"मग जिंकले मी."

"तू न्हाई जिंकलीस, लेकरा. मला म्हाईत न्हाई, एवढंच झालंय."

परत येताना रिक्षात ते पुन्हापुन्हा एकच गोष्ट बोलत होते. सुरी चांगली आहे हे कळायचा एकच मार्ग, तिला मारणं. आणि मारली की ती चांगली होती हे कळून उपयोग काय.

दोन दिवसांनी त्यांनी मुक्ताने माझ्याकडे ठेवलेली सुरी धार लावायला मागितली. मला शंका आलीच. मी सुरी पाठीमागे धरून म्हटलं, "भाऊ, पहिल्या पगाराची वस्तू आहे. मारणार नाही म्हणून शब्द द्या."

"देतो," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. हे मला आठवतं. त्या वेळी मात्र जाणवलं नव्हतं.

सुरी पंधरा दिवसांनी परत आली. धार अशी की कागद नुसता टेकवला तरी दोन व्हावा. पण पाठीवरचे दात नव्हते आणि टोपण घट्ट बसवून टाकलं होतं, उघडत नव्हतं. मी हातात घेतली आणि मला ती जड वाटली. ते गेल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सुरी नवी आली तेव्हा मुक्ताने हौसेने तिचं वजन करून खोक्यावर लिहून ठेवलं होतं. त्यापेक्षा सत्तर ग्रॅमने जास्त भरली. दात घासून काढले तर वजन कमी व्हायला हवं. वाढलं कसं?

मी तशीच समोर गेले. "भाऊ, ही आमची सुरी नाही."

ते दारात उभे राहिले. आत वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांचे हात थांबले.

"मूठ बघा, ताई. मूठ तुमचीच हाय का न्हाई?"

मुठीवर 'मु' होतं. मुक्ताच्याच हातचं.

"मूठ आमची आहे. पातं?"

"धार बघितली का?"

"मी धार विचारत नाहीये. तुम्ही काहीतरी बदललंय आणि सांगत नाही. सगळ्या जगावर संशय घेता. तुमच्यावर कुणी घेतला तर चालत नाही का?"

"चालतंय की," ते म्हणाले. "घ्याच. पर लेकराला हीच घेऊन जाऊ द्या."

मला राग आला तो सुरीमुळे नाही. सोळा-सतरा वर्षं ज्याचं बोलणं मी वाजवून न बघता घेतलं होतं, तो माणूस माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. माझ्या मनाने काय काय रचलं! धार लावताना सुरी बिघडवली असेल. आपलंच म्हणणं खरं करण्यासाठी मारली असेल आणि बाजारातलं कसलं तरी पातं बसवून दिलं असेल. मुक्ताला मी ती सुरी नेऊ नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आई, काका मला वाईट वस्तू देतील?" आणि घेऊन गेली. तिला संशय घ्यायला वेळ नव्हता. माझ्याकडे तो भरपूर होता. समोरचं दार उघडलं की मी आमचं लोटून घेऊ लागले.

पाचेक महिन्यांनी ती डोंगरातून परत आली तेव्हा पोटरीला खरचटलं होतं. घळीतून उतरताना तिच्या मैत्रिणीचा पाय दोन दगडांत अडकला होता, दगड हलत नव्हता. मुक्ताने सुरी फटीत घातली, मुठीवर दोघींनी भार दिला आणि दगड उचकटला. पाय सुटला. सुरीला काही झालं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या मागोमाग एक हलकट समाधान आलं, आणि ते लिहिताना आज लाज वाटते. दुसऱ्या दिवशी भाऊ दूध घेऊन जिना चढत होते. चौदा महिन्यांत मी त्यांच्याशी आपणहून बोलले ते तेवढंच.

"आमची पोकळ सुरी तुटली नाही बरं का, भाऊ. दगड उचकटला तिने."

ते थांबले. "लेकरू बरं हाय?"

"बरं आहे."

"वाकली का?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले, पुन्हा म्हणाले, "लई बरं झालं." मला वाटलं, हरल्यामुळे त्यांना दम लागलाय.

त्यानंतर त्यांचं दुखणं सुरू झालं. रुग्णवाहिका खाली आली तेव्हा मी खिडकीत होते. उद्या जाऊन येईन, असं मी मनाशी म्हटलं. चार 'उद्या' गेले आणि पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा हंबरडा ऐकू आला.

तेराव्यानंतर वहिनी बुटाचं एक खोकं घेऊन आल्या. "तळवड्याच्या वर्कशॉपवाल्यानं आणून दिलं. वर तुमच्या मुक्ताचं नाव हाय." वहिनींना आत काय आहे ते माहीत नव्हतं. त्या बसल्या, मी खोकं उघडलं.

आत तीन वस्तू होत्या, प्रत्येकीला दोऱ्याने कंपनीतल्यासारखी चिठ्ठी बांधलेली. पहिलं, आमच्यासमोर तुटलेलं पातं. लाल चिठ्ठी.

दुसरंही तुटलेलं पातं. पाठीवर दात, मागे नखाएवढा देठ, पिवळा गोंद. लाल चिठ्ठी. तिच्यावर त्यांच्या सुट्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'मुक्ताची. शब्द देऊन मारली. दुसऱ्या जोराला तुटली.' खाली एक छापील ओळ होती, 'मालकाची परवानगी', आणि तिच्यापुढची जागा कोरी होती.

तिसरी अख्खी सुरी होती. पाठीवर दात नाहीत. मूठ पहिल्या सुरीची. मुठीच्या मागच्या टोकाला टोपण नव्हतं, म्हणून आतलं दिसत होतं: देठ नळीच्या पार जाऊन मागून खुरप्यासारखा वाकवून ठोकलेला, पोकळी पोलादाने भरलेली. आणि सुरी विळ्यासारखी वाकली होती. हिरवी चिठ्ठी: 'घरची. दोन केल्या, एक मारली. वाकली, तुटली नाही. दुसरी मुक्ताकडे.'

मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तरीच. त्या पंधरा दिसांत हाताला फोड आले होते. मी म्हटलं, ह्या वयात काय करायलाव? तर म्हणाले, लॉट बनवायलोय. केवढा लॉट? तर म्हणाले, दोनाचा."

मी जिन्यात त्यांना ऐकवलेलं वाक्य मला आठवत होतं. आमची पोकळ सुरी तुटली नाही. एका शब्दात ते मला खोटं पाडू शकले असते. पण मग दिलेला शब्द मोडल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि रागाच्या भरात मी ती सुरी मुक्ताला पुन्हा हातात घेऊ दिली नसती. त्यांनी मला जिंकू दिलं आणि दूध घेऊन घरात गेले.

रविवारी मुक्ता आली. तिने तिन्ही वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या, चिठ्ठ्या वाचल्या, वाकलेली सुरी बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग डोळे पुसून माझ्याकडे पेन मागितलं. लाल चिठ्ठीवरच्या कोऱ्या जागेत तिने सही केली.

"तारीख कुठली टाकू, आई? त्यांनी मारली त्याच्या आधीची टाकते. म्हणजे शब्द मोडला असं होणार नाही."

माझ्या ओठांवर 'टाक' आलंच होतं. समोरच्या घराचं दार उघडं होतं.

"नको," मी म्हटलं. "आजचीच टाक."